पांढऱ्या बगळ्याचा सोळावा वाटा

होर्न (हॉलंड), ४ मार्च १५९८
वारा ईशान्येचा, बोचरा.

ही वही माझ्या नवऱ्याची, रेनरची. रोज सकाळी दारात उभा राहून तो वारा बघायचा आणि आत येऊन एक ओळ लिहायचा. अकरा पानं भरली आणि तो गेला, त्याला आता तीन वर्षं झाली. कोरी पानं वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून आजपासून मी लिहिणार. वाऱ्याची ओळ त्याची, बाकी सगळं माझं, दीवरचं.

आज मी एका गलबताची मालकीण झाले. सबंध गलबताची नव्हे, सोळाव्या वाट्याची. 'पांढरा बगळा' अजून गोदीत लाकडी टेकूंवर उभा आहे. नव्या धर्तीची बांधणी आहे म्हणतात. पोट भलं मोठं आणि वर खांदे अरुंद, अगदी माझ्या मावशीसारखं. दोनशे दहा गिल्डर दिले. हे पैसे मी पावाच्या नव्या भट्टीसाठी साठवले होते. जुन्या भट्टीच्या घुमटाला आतून भेग गेली आहे. आज मोजली, चार बोटं भरली. एवढा उन्हाळा ती काढेल. तिनं काढायलाच हवा, कारण ती बसली तर माझं दुकान बसलं.

मी काही वेडी नाही. वाटा कशासाठी घ्यायचा हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोरवाल्यानं वाटा घेतला की गलबताला दोर त्याचे. शीडवाल्यानं घेतला की शिडं त्याची. मी घेतला, म्हणजे जहाजी बिस्किटं माझी. रेनर होता तेव्हा एवढ्याच पोटाच्या गलबताला तो तीस माणसांची बिस्किटं द्यायचा. तीस माणसं, चार महिन्यांचा शिधा. अशा दोन सफरी झाल्या की नवी भट्टी उभी राहिलीच.

सासूबाईंना सांगितलं. त्या भट्टीजवळच्या आपल्या खुर्चीत बसून वाटाणे निवडत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे भट्टीचे पैसे घालून भट्टीच विकत घेतलीस. छान." मग पुन्हा वाटाणे निवडायला लागल्या, ते मला जास्त लागलं.

एक लिहायचं राहिलं. वाट्यांच्या सह्या चालल्या होत्या तिथं शेजारचा दोरवाला वायब्रांट आधीपासून बसला होता, पण वाटा घेत नव्हता. माझी सही झाली आणि यानं लगेच उठून दोन वाटे घेतले. माझ्या एकावर याचे दोन. बायको गेल्यापासून माणूस कुणाशी फारसा बोलत नाही, पण कुरघोडी मात्र बरोबर जमते.

२१ मार्च
वारा पश्चिमेचा, मंद.

भट्टी दिवसातून तीनदा पेटते आहे. बिस्किटं दोनदा भाजायची, म्हणजे काम दुप्पट. बावीस पोती झाली, चौदा राहिली. भेग सहा बोटं.

वायब्रांट मागच्या भिंतीवरून डोकावला. त्याची दोर वळायची लांबलचक पडवी आमच्या परसाला लागून आहे. म्हणाला, "घुमटातून धूर येतोय." मी म्हटलं, "माझा धूर आहे, तुम्हाला काय त्रास?" तो गेला आणि थोड्या वेळानं बादलीभर चिखल आणि दोरातून गळालेल्या बारीक तंतूंचा पुंजका घेऊन पुढच्या दारानं आला. चिखलात तंतू मळून भट्टीच्या पोटात कमरेपर्यंत शिरला आणि भेग बुजवली. बाहेर आला तेव्हा नुसते डोळे दिसत होते. पैसे विचारले तर म्हणाला, "कचराच होता, दीवरबाई."

दोन वाटे घेतलेत ना, आमची बिस्किटं वेळेत हवी असतील त्याला.

२ एप्रिल
वारा नैर्ऋत्येचा.

आज सराईमध्ये मालकांची बैठक. तांडेल सीव्हर्ट, त्याचे स्वतःचे तीन वाटे आहेत, भाड्याचा माल शोधायला बाहेरगावी गेलाय. त्यामुळे आम्ही पाचच जण. बिअरवाला ओल्फर्ट उठला आणि म्हणाला, गलबतावर साठ पिंपं बिअर लागेल. मला साठ जरा जास्त वाटली. पण ओल्फर्टनं माझ्याकडे बघून डोळा मारला, म्हणजे बिस्किटांच्या वेळी त्याचा हात वर येणार. मी हात वर केला. शीडवाला हेरिट म्हणाला, शिडांचे दोन पूर्ण संच हवेत. सगळ्यांचे हात वर. गोदीवाल्याला एक जादा नांगर आणि एक जादा होडी हवी होती. पुन्हा सगळ्यांचे हात वर. माझी छत्तीस पोती एका श्वासात मंजूर झाली. इतकी एकी मी प्रार्थनेलाही पाहिलेली नाही.

फक्त वायब्रांट म्हणाला, "माणसं किती जाणार, हे कुणी विचारलंय का?"

ओल्फर्ट म्हणाला, "बिअर असली की माणसं येतात रे." सगळे हसले.

माझ्या बिस्किटांवर बोट ठेवायचं होतं वायब्रांटला, मला कळतं. स्वतःचे दोन जाडजूड दोर मात्र त्यानं मंजूर करून घेतलेच.

२० एप्रिल
वारा पूर्वेचा, निघायला उत्तम. निघालं कोण?

सगळं काल चढवून झालं. बगळा पाण्यात उभा आहे, देखणा दिसतो. आज तांडेल सीव्हर्ट परत आला. धक्क्यावर उभा राहून त्यानं गलबताकडे पाहिलं आणि विचारलं, "लग्न कुणाचं आहे?"

ओल्फर्ट म्हणाला, "शिधा आहे. चार महिन्यांचा."

"कुणासाठी?"

"खलाशांसाठी."

"माझे दहा खलाशी आहेत."

मी म्हटलं, "तीस."

"दहा, बाई. मला धरून."

"मग एवढी शिडं ओढणार कोण?"

"कप्प्या ओढणार. शिडं आखूड, कप्प्या जास्त, माणसं थोडी. या बांधणीचं सगळं कौतुक तेवढंच तर आहे. म्हणून ते स्वस्तात जातं येतं. वाटे घेताना तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही सगळे विकायला निघालेले, आणि गलबत निवडलं असं की त्याला कशाची फारशी गरजच नाही.

सीव्हर्टनं जाताना नेण्यासाठी खारवलेल्या हेरिंग मासळीची ऐंशी पिंपं ठरवून आणली आहेत. ती ठेवायला जागा नाही. येताना डान्झिगहून धान्य आणायचं, आणि तिथं आधी पोचेल त्यालाच धान्य मिळतं. महिना संपायच्या आत निघालो नाही तर हा उन्हाळा गेला, असं तो म्हणाला. मग भांडण जुंपलं. ओल्फर्ट शिडं काढायला तयार, हेरिट बिअर काढायला तयार. मी दोन्ही काढायला तयार होते.

२२ एप्रिल
वारा पूर्वेचाच.

बुजवलेली भेग पुन्हा उघडली, आठ बोटं. गलबत जागच्या जागी. बंदरातून आज तीन गलबतं सुटली. तिन्हींची तोंडं डान्झिगकडे.

घरी चिडचिड केली. सासूबाई म्हणाल्या, "ओरडू नकोस, घुमट पडेल."

२४ एप्रिल
वारा पूर्वेचा.

माझी पोती ओलसर जागी तर नाहीत ना, हे बघायला गलबतावर गेले. सीव्हर्ट मला शिडीनं खाली पोटात घेऊन गेला. बाहेरून दिसतं त्याहून कितीतरी मोठं आहे. तो म्हणाला, "वर अरुंद का, ठाऊक आहे? वाटेतल्या सामुद्रधुनीत डेन्मार्कवाले वरची रुंदी मोजून कर घेतात. पोट कुणी मोजत नाही." मग माझ्या पोत्यांवर हात टेकून म्हणाला, "आपली कमाई सगळी या पोटात. आणि इथं तुमची बिस्किटं बसलीत."

मी तिथंच एका पोत्यावर बसून विचार केला. प्रामाणिकपणे लिहायचं तर माझ्या एकटीपुरतं पाहिलं तर बिस्किटंच फायद्याची. बिस्किटांचे पैसे सगळे माझे आणि धान्याचा फक्त सोळावा वाटा माझा. पण असाच विचार आम्ही सगळे करून बसलो आहोत, म्हणून तर गलबतही बसलंय. आणि बसलेल्या गलबताचा सोळावा वाटा म्हणजे एक लाकडी फळी.

इतकी वर्षं मी गलबताकडे बघताना खाणारी तोंडं मोजत आले. पोटाकडे कधी बघितलंच नव्हतं. माझ्यातली भट्टीवाली आणि माझ्यातली मालकीण घरी येईपर्यंत भांडत होत्या. जिंकलं कोण, ते उद्या कळेल. मला आत्ता भीती वाटते आहे.

२५ एप्रिल
वारा आग्नेयेचा.

सकाळी धक्क्यावर गेले तर वायब्रांटचे दोन्ही जादा दोर उतरवून ठेवलेले. त्यानं ते काल संध्याकाळीच परत घेतले म्हणे, कुणाला न सांगता. यात काहीतरी डाव असणार. दोरवाला आपणहून दोर परत घेतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी कमरेवर हात ठेवले आणि धक्काभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "माझी चोवीस पोती उतरवा. बारा राहू देत."

ओल्फर्ट म्हणाला, "दीवर, डोकं फिरलं का? त्याचे पैसे परत द्यावे लागतील."

"देईन. पण ओल्फर्ट, दहा माणसांनी साठ पिंपं रिचवली तर गलबत डान्झिगला नाही पोचायचं, आइसलंडला जाईल. आणि तिथं पोचल्याचं कुणाला कळणारही नाही."

ओझेवाले, मासेवाल्या, सगळे हसायला लागले. ओल्फर्टची मान लाल झाली. आधी दहा पिंपं उतरवली. मासेवाल्या मोजायला लागल्या, मोठ्यानं, एका सुरात. चाळीस उतरवली तेव्हा कुठं त्या थांबल्या. मग हेरिटनं शिडांचा दुसरा संच गुपचूप काढून घेतला. गोदीवाला होडीवर बसून राहिला होता, त्याला होडीसकट खाली आणलं.

येताना वायब्रांट माझ्याबरोबर चालत होता. शेवटी दाराशी म्हणाला, "पोती जड असतात. मी आणून टाकतो." आणि चोवीसच्या चोवीस पोती हातगाडीवरून आणून टाकली.

२९ एप्रिल
वारा नैर्ऋत्येचा, ताजा.

बगळा गेला. तासाभरात क्षितिजावर नुसतं शीड दिसत होतं. माझे दोनशे दहा गिल्डर आणि माझी भट्टी त्या शिडाखाली आहेत. घरी येऊन उगाचच दुकान दोनदा झाडलं.

२० मे
वारा वायव्येचा.

चोवीस पोती बिस्किटं घरात. गावात घरोघरी मऊ पाव मिळत असताना दगडासारखी बिस्किटं कोण खाणार? सासूबाईंनी काही ताकात भिजवली, काही वाटाण्याच्या सारात. आता आमच्या घरात प्रत्येक पदार्थाच्या तळाशी बिस्किट असतं.

वायब्रांट मात्र दर आठवड्याला एक पोतं नेतो, रोख देऊन. आज त्याच्याकडचे दोघे दोर वळणारे आले, टोप्या हातात घेऊन. थोरला म्हणाला, "बाई, तुम्ही मालकांना सांगा ना. रोज दुपारी बिस्किटं. आमच्या बायका भाकरी बांधून देतात, ती आम्ही परत नेतो, मग घरी बोलणी खातो."

मी तडक भिंतीपाशी गेले. "तुमच्या माणसांचे दात पाडायचेत का?"

"त्यांना आवडतात."

"आणि तुम्हाला?"

त्यानं खिशातून एक बिस्किट काढलं. खिशात ठेवतो. कडकन चावलं. आवाज बिस्किटाचा नव्हता. "चांगलं आहे," तो तोंडावर हात धरून म्हणाला.

सासूबाई ठसका लागेपर्यंत हसल्या. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "काही नाही गं. तू पोती मोज." म्हातारपणी माणसाला कशाचंही हसू येतं.

३० जून
वारा पाहिला. दक्षिणेचा.

भट्टी पडली. पहाटेच्या पावावर घुमट कोसळला. कुणाला लागलं नाही, सासूबाई नुकत्याच खुर्चीतून उठल्या होत्या. विटांखालून चाळीस पाव काढले आणि मी जमिनीवर बसून रडले. सत्तावीस वर्षं या भट्टीसमोर उभी राहिले आहे. अर्ध्या वयाहून जास्त.

आवाज ऐकून वायब्रांट भिंतीवरून उडी मारून आला. वय पंचेचाळीस, उडी काही बरी नव्हती, गुडघा फुटला. तो विटांकडे न बघता आधी माझ्याकडे बघत होता. म्हणाला, "माझ्याकडे डांबर तापवायची चूल आहे. मोठी आहे. घ्या."

६ जुलै
वारा पश्चिमेचा.

वायब्रांटच्या पडवीच्या तोंडाशी, डांबराच्या चुलीवर पाव भाजते आहे. कितीही घासली तरी वास जात नाही. नेहमीच्या गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली, पण बंदरातले खलाशी रांग लावतात. एक म्हणाला, "बाई, असा पाव आईच्या हातचाही नव्हता." त्याची आई काय करायची, देव जाणे.

भाजताना वायब्रांट पडवीत दोर वळत असतो. दोर वळणारा उलटा चालतो, पाठ पुढं आणि तोंड मागं. त्यामुळे तो माझ्याकडे तोंड करून लांब जातो. मग परत येताना सरळ चालत येतो, तेव्हाही तोंड माझ्याकडेच. कामाची रीतच तशी आहे, त्याला तो तरी काय करणार.

१५ जुलै
वारा वायव्येचा, जोराचा.

बंदरात बातमी आली. डान्झिगच्या वाटेवर, जटलंडच्या किनाऱ्यावरच्या वाळूत एक लांबट गलबत रुतलंय, पोट मोठं, खांदे अरुंद. आमच्याकडचं, असं सांगणारा म्हणाला. नाव त्याला वाचता आलं नाही.

मी भीत नाही असं लिहिलं तर खोटं होईल. भट्टी नाही, पैसे नाहीत, आणि त्या दहा माणसांची तोंडं डोळ्यांसमोर येतात. तीच मोजून बिस्किटं दिली होती मी. संध्याकाळी दाराच्या पायरीवर बसले. वायब्रांट येऊन शेजारी बसला. त्याचे दोन वाटे त्या गलबतात आहेत, माझ्या दुप्पट. तरी त्यानं मला विचारलं, "जेवलात का?"

नव्हते जेवले. त्यानं नवी हेरिंग आणली होती, कांदा चिरून. दोघांनी खाल्ली. माणूस वाटतो तितका वाईट नाही.

२४ जुलै
वारा ईशान्येचा. देवाची कृपा.

बगळा आला. सकाळी मनोऱ्यावरून हाक आली आणि मी पिठाच्या हातांनीच धावले. पाण्यात इतका खोल बसला होता की मला वाटलं बुडतोच आहे, पण ते धान्य होतं. रुतलेलं गलबत दुसऱ्या गावचं निघालं, आणि त्याची माणसंही वाचली. दहाच्या दहा खलाशी मी स्वतः मोजले, मोठ्यानं. सीव्हर्ट माझ्या हातात अर्धं पोतं देऊन म्हणाला, "उरली. ताकीद आहे, पुढच्या वेळी अकरा पोती."

मी लगेच म्हटलं, "साडेदहा." हे बोलताना स्वतःचं आश्चर्य वाटलं.

२ ऑगस्ट
वारा दक्षिणेचा, मंद.

धान्य चांगलं विकलं गेलं. माझ्या वाट्याला साठ गिल्डर आले. पाया आणि निम्मा घुमट होईल एवढे. निम्मा घुमट कुणी बांधत नाही. गवंड्यानं सांगितलं, पुढच्या सफरीपर्यंत थांबा. म्हणजे हिवाळाभर डांबराचा पाव.

वायब्रांट आला, अंगात प्रार्थनेला घालतो तो कोट. उभ्यानंच म्हणाला, "माझ्या दोन वाट्यांचे एकशेवीस आलेत. भट्टी पुरी होईल."

"कर्ज नको मला."

"कर्ज नाही."

"दानही नको."

"दान नाही. मी म्हणत होतो, मधली भिंत पाडावी. नवी भट्टी तिथं बांधावी. अर्धी तुमच्या बाजूला, अर्धी माझ्या."

मी म्हटलं, "अर्धी भट्टी तुमच्या घरात, अर्धी माझ्या घरात. मग तिचं तोंड कुणाच्या घरात? आणि लाकडं कुणी आणायची? हे आधी ठरवलं पाहिजे."

तो टोपी फिरवत राहिला. "भिंत पाडल्यावर घर एकच होईल, दीवरबाई."

मागून सासूबाई म्हणाल्या, "मार्चपासून हे एक वाक्य तोंडात घोळवतोय. मला वाटलं, माझ्या मयतीलाच बोलेल."

मग सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोर आलं. चिखलानं माखलेलं तोंड, खिशातलं बिस्किट, फुटलेला गुडघा. मी विचारलं, "तुम्ही वाटे का घेतले होते?"

"तुम्ही घेतलात म्हणून. निदान बैठकीला तरी भेट होईल, असं वाटलं."

सत्तावीस वर्षं धंदा केला, गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याला काय हवंय ते मला चेहऱ्यावरून कळतं. आणि हा पाच महिने दारात उभा होता. मी म्हटलं, "एक अट. तुमच्या माणसांना उद्यापासून भाकरी खाऊ द्या." सासूबाईंचीही अट आहे, त्यांची खुर्ची नव्या भट्टीजवळ, आणि दोन्ही घरांचं बोलणं ऐकू येईल अशा जागी.

११ ऑगस्ट

आज भिंत पाडायला घेतली. पहिली वीट वायब्रांटनं त्याच्या बाजूनं काढली, दुसरी मी माझ्या बाजूनं. भोकातून त्याचा चेहरा दिसला, धुळीनं पांढरा. आम्ही दोघेही हसत राहिलो, गवंडी खोळंबला तरी. सबंध पडवी इथून दिसते आता, पार टोकापर्यंत.

पानाच्या सुरुवातीची ओळ कोरी आहे, ती आत्ता लक्षात आली. रेनर, रागावू नकोस. आज दारात उभं राहून वारा बघायचा राहूनच गेला.